बियाची पट्टी

भाऊबीजेला माहेरी आलेली बाई आधी चुलीपाशी टेकते, चहा घेते, भावजयीनं नवीन काय घेतलं ते बघते. मी पिशवी ओट्यावर टाकते आणि तशीच माळाकडं निघते. मागनं सुमन, माझी धाकटी भावजय, दरवर्षी हाक मारते, "वन्सं, च्या तरी घ्या की." आणि मी दरवर्षी सांगते की आल्यावर घेते. यंदा तर मला कामच होतं. माळावर गवत किती उरलंय ते बघायचं होतं, माझ्या चार गाईंसाठी.

गाईंचं आधी सांगते, म्हणजे माझा राग कुठनं आला ते कळेल. माझं सासर पलूसकडं. काळं रान, पाणी पायाशी, जिकडं बघावं तिकडं ऊस. कारखाने लागले की उसाचे हिरवे शेंडे, ज्याला आम्ही वाडं म्हणतो, ते रस्त्यारस्त्यावर मोळ्या बांधून विकायला येतं, आणि आमच्याकडच्या गाई दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्याच्यावरच असतात. दिसायला हिरवं, पोट टम्म, पण अंगाला काही लागत नाही. माझी काळी गाय मागच्या वर्षात तीनदा उलटली, गाभण राहीचना. भरवायची, वीस-एकवीस दिवस देवाचं नाव घ्यायचं, आणि पुन्हा एका सकाळी ती दाव्याला हिसके देत हंबरत उभी. डॉक्टर आले, बघितलं, हात धुतले आणि म्हणाले, "काकी, वाडं कमी करा. चांगलं वाळलं गवत घाला." मी विचारलं, ते मिळतं कुठं? तर हसले आणि म्हणाले, "ते मात्र मला विचारू नका."

त्यानंतर गावात शिबिर झालं. एका हुशार पोरीनं पडद्यावर चित्रं दाखवली. गवत फुलोऱ्यात आलं की कापा, उशीर केला तर नुसती काडी उरते. सगळं एकदम चारू नका, पाळीपाळीनं रान बंद ठेवा. एक भाग बी पडायला राखा. हिरव्याबरोबर वाळलं द्या. बायका वहीत उतरवून घेत होत्या. मी चहात बिस्कीट बुडवत ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पोरीचा काय दोष? ती बरोबरच सांगत होती. पण यातलं एकेक मी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं होतं, आणि ज्या बाईनं ते केलं ती कागदावर अंगठा उठवत होती.

ती माझी हौसाआत्ती. वडिलांची थोरली बहीण. तरणेपणीच सासर सुटलं आणि ती माहेरी येऊन राहिली, ती शेवटपर्यंत. घरात तिला कुणी फार विचारत नसे. सोयरिकी, देणीघेणी, शेतातलं नांगरट-पेरणी, सगळं पुरुषांचं. पण औंधच्या अलीकडं आमची जी वाडी आहे, तिच्या डोक्यावर भावकीचं मिळून जे कुरण होतं, तिथं मात्र हौसाआत्तीचा शब्द चालायचा. का चालायचा ते कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

नागपंचमीला कुरण धरायचं. धरायचं म्हणजे बंद करायचं. झोके झाले, गाणी झाली की दुपारी हौसाआत्ती माळाच्या वाटेच्या तोंडाशी जायची, वाटेच्या दोन्ही अंगांचं गवत ओढून त्याची मधोमध गाठ मारायची आणि त्यावर एक धोंडा ठेवायची. झालं. कुंपण नाही, राखण्या नाही, पावती नाही. त्या गाठीच्या पुढं दिवाळीपर्यंत एक शेळी जात नसे. एकदा एका चुलत्याची गाय आत शिरली, तर चुलता आपणहून आत्तीपुढं येऊन उभा राहिला होता, चूक केलेल्या पोरासारखा. आत्तीनं त्याला काही म्हटलं नाही. फक्त त्या वर्षी त्याच्या वाट्याची पट्टी सगळ्यांत शेवटी कापली.

मग ते गवत वाढायचं. श्रावणात हिरवं, भादव्यात जांभळट झाक यायची आणि आश्विनात तांब्याच्या भांड्याचा रंग. मारवेल, पवना, खडकाकडंला कुसळी. वारा सुटला की सगळा माळ एका अंगाला कलायचा आणि त्यातनं लावे भुर्र उडायचे. खालून वर जाताना आधी वास यायचा, मग गवत दिसायचं. गोडसर, उन्हात तापलेला, थोडा गुळाच्या कढईसारखा. मला तो वास आता कुठंच येत नाही. अगदी उन्हाळ्यात वैरणीच्या ट्रकमागं गाडी गेली तरी मी नाक वर करते. डिझेलचा वास येतो.

कोजागिरी झाली की हौसाआत्ती एका आड एक दिवस माळावर चढायची. मी बरोबर असायची. ती एक काडी उपटायची, खालनं दुसरं पेर मोडायची आणि दाताखाली धरायची. डोळे मिटून चावायची. थुंकायची. "अजून पाणी हाय," म्हणायची, आणि आम्ही खाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आणि मग एक दिवस ती थुंकायचीच नाही. चावत राहायची. "उतरली गोडी," एवढंच बोलायची. त्या दिवशी वाडीत सगळ्यांना कळायचं की उद्या कापणी.

मी पण काडी चावायची. मला सगळ्या सारख्याच लागायच्या. एकदा विचारलं, आत्ती, तुला कसं कळतं गं? तर म्हणाली, "तुझी जीब च्यानं जळलीया. तुला कळायचं न्हाई." आणि वर टपली मारली.

दंव असतानाच विळे लागायचे, कारण ओल्यात कुसळं टोचत नाहीत. सगळ्या घरांच्या बायका एका रांगेत, पदर खोचून, आणि पुढं सरकताना खर्र खर्र आवाज, त्यात एकमेकींच्या सासवांच्या उखाळ्यापाखाळ्या. ऊन वर आलं की कापणं बंद, पेंढ्या बांधायच्या. दुपारी भाकरी, ठेचा, आणि पाण्याला मातीच्या घागरीचा वास. संध्याकाळी घरी येऊन आत्तीच्या लुगड्याच्या काठातली कुसळं काढत बसायचं काम माझं. एकेक उपसून मी चुलीत टाकायची. चट्‌ असा आवाज व्हायचा. मला ते काम लय आवडायचं, आणि तेव्हा ते मी कुणाला सांगितलं नाही.

परड्यात गंजी उभी राहिली की घराला वजन आल्यासारखं वाटायचं. ती गंजी पुढं मृगापर्यंत पुरायची. आत्तीचा हात हे तिचं माप होतं. तीन कवळे वाळलं, एक कवळा हिरवं, त्याच्या पुढं म्हशीनं कितीही मान लांब केली तरी नाही. "हिरव्यानं दूध वाढतंय, वाळल्यानं दुधाला दूधपण येतंय," असं ती म्हणायची. आमची म्हैस काही बादल्या भरून देत नव्हती. पण दुधावर साय अशी यायची की तव्यावरची पोळी उचलावी तशी उचलायची.

आणि सगळ्यांत वर, खडकाच्या अंगाला, एक पट्टी होती. पाऊण एकर असेल. ती कुणाच्याच विळ्याखाली जायची नाही. बियाची पट्टी. बी पिकून, वाऱ्यानं गळून खाली सगळ्या कुरणावर पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. गळून गेलं की मग उरलेली काडी छपरं शाकारायला. एका वर्षी पाऊस गेला होता आणि गंजी निम्मीसुद्धा झाली नव्हती. तात्या, म्हणजे आमचे वडील, विळा घेऊन त्या पट्टीकडं निघाले. हौसाआत्ती त्यांच्या आधी वर गेली आणि पट्टीच्या मधोमध जाऊन बसली. फडक्यात भाकरी घेऊनच गेली होती. तात्या म्हणाले, "आक्का, जनावरं मरत्याली." ती म्हणाली, "यंदा चार मरत्याली. बी गेलं तर सगळी मरत्याली." दिवसभर बसली. संध्याकाळी तात्यांनी विळा छपरात खोचला.

असल्या बाईच्या हाताखाली मी वाढले. आणि तरी मी जे केलं ते केलंच.

लग्न होऊन मी पाण्यातल्या गावात गेले आणि चार वर्षांत मला शिंगं फुटली. माहेरी आले की सगळं कोरडं, खुरटं, लाजिरवाणं वाटायचं. आमच्याकडं बघा, बारा महिने हिरवं, असं मी ज्याला त्याला ऐकवायची. हौसाआत्ती तोवर गेली होती. मग वाडीला पाणी आलं. तलाव भरला, पाईप आले. तात्या मला म्हणाले होते, मला अजून त्यांचा चेहरा दिसतो, "तू पाण्यातली हाईस. तू सांग, माळाचं काय करावं?" म्हातारा माणूस लेकीला विचारत होता. मी ताडकन सांगितलं, "फोडा की. गवत राखत बसायचे दिवस गेले, तात्या. हत्तीगवत लावा, ऊस लावा. आमच्याकडं बांधाला बी असलं गवत कुणी ठेवत न्हाई." त्यांनी ऐकलं. पाण्यातली लेक म्हणते म्हणजे खरंच असणार. त्यांनी फोडलं म्हणून चुलत्यांनी फोडलं, चुलत्यांनी फोडलं म्हणून बाकीच्यांनी. नागपंचमीची गाठ त्या वर्षी कुणी मारली नाही. मारायची कुठं, वाटच नव्हती.

वरची पट्टी तेवढी राहिली, कारण तिथं खडक होता आणि नांगर लागत नव्हता. वाटणीत ती आमच्या सदाकडं आली. सदा माझा धाकटा भाऊ. फौजेत हवालदार होता, पेन्शन घेऊन आला आणि गाई केल्या. चौदा गाई आहेत आज त्याच्या गोठ्यात, आणि गोठा मी बघितला आहे, माझ्यापेक्षा स्वच्छ.

तर यंदा भाऊबीजेला मी वर चढले. खालचं सगळं ऊस आणि हत्तीगवत, मधनं ठिबकच्या काळ्या नळ्या. हत्तीगवताची पानं हाताला कापतात आणि त्याला वास नाही, पाण्याचा असतो तेवढाच. वर पोचले आणि जीव भांड्यात पडला. पट्टी होती. यंदा पाऊस लांबला होता म्हणून गवत मागं पडलं होतं, अजून ओलं, तुरे नुसते निसवलेले. मी एक तुरा दोन बोटांत चोळला. बी कच्चं होतं, दुधाळ. आठ-दहा दिवस तरी हवे होते. मी हिशेब मांडला: बी पिकलं की पोतंभर झाडून न्यायचं, आमच्या बांधाला टाकायचं, तीन-चार वर्षांत वाळलं गवत घरचं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच बोलत खाली आले.

सुमन गोठ्यात मुरघासाच्या पिशव्या सोडत होती. मका कापून, दाबून, हवा न लागू देता आंबवलेला. आंबूस वास डोक्यात जातो, पण गाई आवडीनं खातात. मी तिला पट्टीचं सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "त्येनी सांगितलं न्हाई तुमास्नी? उद्या जेसीबी येतोय. खडक फोडून सपाट करायचंय. मका लावायचाय तितं."

मी तिच्या शेजारी बसून पिशव्या सोडू लागले. बोलायला गेले असते तर वाईट बोलले असते.

संध्याकाळी पाट मांडला. सदा टोपी घालून बसला. मी ओवाळलं, सुपारी-अंगठी फिरवली, आणि त्यानं तबकात साडीची पिशवी ठेवायला हात पुढं केला तेव्हा मी तबक मागं घेतलं.

"साडी नको," मी म्हणाले. "वरची पट्टी राहू दे. तेवढीच ओवाळणी घाल."

सदानं सुमनकडं बघितलं, मग माझ्याकडं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"आक्का," तो म्हणाला, "चौदा गाई हायत्या. रोज त्येंच्या पुढं घालायला लागतंय. त्या पट्टीतनं मला काय मिळतंय? खालनं वर टॅक्टर जात न्हाई. कापायला बाई मिळत न्हाई. कुसळं टोचत्यात म्हणून मजूर पाय ठेवत न्हाईत. तीन वरसं झाली, ते गवत हुबं वाळतंय आन् उनाळ्यात कोन तर काडी लावून जाळतंय. तुला ठावं हाय?"

"बी पडंस्तवर तरी," मी म्हणाले.

"आन् पडून कुटं उगवंल? खाली उसात?"

सुमन हळूच म्हणाली, "आवं, वन्संची विच्छा हाय तर..." तशी त्यानं मान हलवली.

"बरं. ठेवतो. फौजी हाय मी, बोललो तर बोललो. जेसीबीवाल्याला फोन करतो, नगं येऊ म्हणून. पण दिवाळी झाली की दर साली कापायला तू यायचं. सुमनीला मी वर धाडनार न्हाई. ती पाच वाजल्यापासनं गोठ्यात असती, तिची कंबर गेलीया. येशील तू? येते म्हन, आत्ता फोन लावतो."

फोन त्याच्या हातात होता. मी तबक धरून उभी होते. आणि माझ्या डोळ्यांपुढं काय आलं म्हणाल, तर कुरण नाही, आत्ती नाही. माझी चार जनावरं आली. दोन वेळचं दूध, उंबरठा चढताना धरणारा गुडघा, कापणीचे सहा दिवस मी नसले तर एक घोट पाणी न पाजणारी माझ्या घरची माणसं. नुसतं "येते" म्हणायचं होतं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघता आलं असतं. पण ज्या घरात शब्दाला धोंडा ठेवल्यासारखा भाव होता तिथं मला खोटं बोलवेना, आणि खरं बोलायचं तर धीर नव्हता. निरांजनात तेल कमी झालं होतं. सुमननं माझ्या हातातनं तबक घेतलं, त्यात साडीची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, जेवून घ्या आता."

सदानं फोन खिशात टाकला. कुणीच कुणाला काही लावून बोललं नाही. जेवायला बासुंदी होती आणि ती मी दोनदा घेतली, म्हणजे सुमनला वाईट वाटू नये.

सकाळी सदा दुधाचे कॅन घेऊन डेअरीकडं गेला होता. सुमन गोठ्यात शेण लोटत होती. मी दहाच्या एसटीसाठी आवरून ओट्यावर बसले होते तेवढ्यात जेसीबी आला. चालवणारा पन्नाशीचा, गळ्याला मफलर, बाहेरच्या तालुक्यातला. खाली न उतरताच त्यानं विचारलं, "मावशी, कुटनं कुटवर घ्यायचंय?"

मला सांगता आलं असतं की मालक घरी नाही. उद्या या म्हणता आलं असतं. एक दिवस काय, आठ दिवस निघाले असते कदाचित, आणि आठच दिवस हवे होते. मी उठले, चपला घातल्या आणि त्याच्या पुढं चालत वर गेले. वरचा काळा खडक, चुलत्याच्या बांधावरची बोर, खाली ओघळ. सगळ्या खुणा मलाच ठाऊक होत्या, सदालाही इतक्या नसतील. मी हात करून एकेक दाखवली.

त्यानं इंजिन बारीक केलं आणि वाकून पट्टीकडं बघितलं. वाऱ्यानं तुरे एका अंगाला गेले होते. माणूस शेतकऱ्याचाच असणार, कारण तो म्हणाला, "मावशी, गवत तर लय बेस हाय. आदी कापून घ्यायचं न्हाई व्हय?"

"कापायला माणूस न्हाई," मी म्हणाले, आणि बाजूला झाले.